अंदाज खरे ठरले

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले डॉक्टर, रुग्णालयातील सर्व कर्मचारी आणि समोर बसलेली माझ्यासारखी दुरुस्त केलेली हृदयं, सर्वांना नमस्कार.

रुग्णांतर्फे दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. मी आगीची सूचना देणारे भोंगे बसवणारा माणूस. मला कसलं भाषण जमतंय!

अध्यक्ष मघाशी म्हणाले, डॉक्टरांचा अभ्यास यशस्वी झाला. रक्तातला दाह, म्हणजे आतली धग, मोजून पुढचा झटका कुणाला येईल, याचे त्यांचे अंदाज खरे ठरले. मीही टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, त्या खऱ्या ठरलेल्या अंदाजांत माझा धाकटा भाऊ आहे.

आम्ही दोघं या अभ्यासात बरोबरच आलो. इथली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. रिपोर्ट चांगला असला की खिडकीतल्या बाई देतात. वाईट असला तर डॉक्टर स्वतः बाहेर येतात, खांद्यावर हात ठेवून आत नेतात. त्यामुळे त्यांचं दार उघडलं की आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघायचो. एवढा जीव लावणारा माणूस, पण त्यानं आपल्याकडे येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचो!

ते धाकट्याकडे आले. रक्तवाहिन्या मोकळ्या, कोलेस्टेरॉल आटोक्यात, दाह मात्र चढलेला. "डॉक्टर, मी तर बायकोवरसुद्धा चिडत नाही, दाह कसला?" तो म्हणाला. गोळ्या बदलल्या, पथ्यं झाली. आकडा काही हटला नाही. जिना चढता चढता गेला तो. भेटायला आलेल्या डॉक्टरांना मी म्हणालो, "तुमचं बरोबर निघालं." ते म्हणाले, "चुकलो असतो तर बरं झालं असतं हो."

गेल्या आठवड्यात दार उघडून ते माझ्याकडे आले. आकडा धाकट्याएवढाच. आमच्या हिनं विचारलं, "मग आता करायचं काय?" डॉक्टरांनी चष्मा काढला आणि नुसता पुसत राहिले. भोंगा आग विझवत नाही, हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलो. ते मला कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. भीती वाटते, दुसरं काय सांगू?

असो. अध्यक्ष घड्याळ बघताहेत. संयोजकांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात समारंभाला न शोभणारं काही निघून गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

डॉक्टर, उद्यापासून तुम्ही मोकळे. एकदा घरी या, रिपोर्टाशिवाय, नुसत्या गप्पा मारायला. तुम्ही म्हणाल, येईन सवडीनं. सवडीनं नको. याच आठवड्यात या.