डोकं कापलेले आजोबा

कपात चमचा किणकिणला आणि विमानातली सामसूम मोडली. मांडीवर लेक निजली होती, म्हणून आईने श्वास रोखला. पुढच्या खुर्च्यांतलं म्हातारं जोडपं मात्र आता गप्प बसणार नव्हतं.

“अहो, घामाने निथळताय. काढा तो स्वेटर.”

“मग उतरल्यावर नातू मला ओळखणार कशावरून?”

“तोंडावरून!”

“दर रविवारी व्हिडिओ कॉलला फोन तू धरतेस, त्यात माझं डोकं कापलेलंच असतं. त्याने पाहिलाय तो हा निळा स्वेटर.”

“मग उतरताना घाला. अजून पाच तास आहेत.”

“विसरलो तर?”

“मी आहे ना आठवण करायला.”

“तू चष्मा घरी विसरलीस.”

“मुलाने हौसेने प्रीमियम इकॉनॉमीची तिकिटं काढली, पाय पसरायला एवढी जागा मिळाली, आणि तुम्ही शेकोटीपुढे बसल्यासारखे बसलाय. जेवलाही नाहीत!”

“रस्सा सांडला असता म्हणजे?”

“आणि एवढं करून नातू आधी माझ्याकडे आला तर?”

“तर... तू त्याला उचलून घे, आणि माझ्या जवळ उभी राहा.”

“बरं. वरची दोन बटणं तरी सोडा.”

मागे बसलेल्या आईला हसू आवरेना. खाली पाहिलं, तर लेक टक्क जागी, सगळं ऐकत होती. काल घरून निघताना तिच्या स्वतःच्या आजीने याच नातीला तीनदा विचारलं होतं, “तू कुणाची गं?”

“आई,” लेक कुजबुजली, “मी काय घातलं की आपली आजी मला ओळखेल?”