बाळारामकाकांचा जोडीने सत्कार

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, या वाचनालयाची पुस्तकं आणि आमची तोंडं दोन्ही आवरून धरणाऱ्या माननीय दमयंतीबाई. व्यासपीठावर अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आपले बाळारामकाका. शनिवारच्या लेखनवर्गाचे सर्व काका, काकू, आज्या आणि भाई. आणि दार आतून लावल्यामुळे घामाने भिजलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना भावनाचा नमस्कार.

माझ्या घरात माइकसमोर उभी राहणारी मी पहिलीच. पदवीचा कागद घरात आणणारीही पहिलीच. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला आहे. रोज इतर देवांबरोबर त्यालाही कुंकू लागतं, त्यामुळे आता त्यावरचं माझं नाव वाचता येत नाही. तेव्हा मी पदवीधर आहे यावर तुम्ही आज फक्त विश्वास ठेवायचा आहे.

त्याच पदवीच्या जोरावर मी इथे करावे गावात ज्येष्ठांसाठी लेखनवर्ग सुरू केला. साठ वर्षं जगलेल्या माणसाकडे केवढं सांगण्यासारखं असेल, आणि ते कुणी विचारलंच नसेल, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने फळ्यावर विषय लिहिला, ‘माझा आवडता ऋतू’. शेवटच्या बाकावरून बाळारामकाका म्हणाले, “बाय, मी काय चौथीत हाय का?”

मी विषय पुसला आणि विचारलं, “मग तुम्हीच सांगा काका, कशावर लिहाल?”

“जे कोनाला सांगितला नाय त्याच्यावर. पन नाव नाय टाकनार.”

आमच्या वर्गाचा नियम इथून सुरू झाला. ज्याने त्याने आपलं लिहून माझ्याकडे द्यायचं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी ते पुन्हा लिहून काढायचं, गावांची आणि माणसांची नावं गाळायची. मग ते दुसऱ्याच कुणीतरी मोठ्याने वाचायचं, अगदी ‘मी’, ‘मला’ जसंच्या तसं ठेवून. आणि हे कुणाचं, असं कुणीही, कधीही विचारायचं नाही.

आता मी पडले पदवीधर. लिहून काढताना मी ‘हाय’चं ‘आहे’ करायचे आणि ‘पानी’चं ‘पाणी’. त्यामुळे सगळा वर्ग एकाच शुद्ध भाषेत बोलायला लागला. यातून पुढे काय होणार आहे, हे पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

एका शनिवारी वाचायची पाळी वामनरावांची आली. वामनराव आपल्या सर्वांना माहीत आहेत. बेलापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. नोटीस वाचावी तसं वाचतात. आजही पहिल्या रांगेत पाय लांब करून बसले आहेत. त्या दिवशी त्यांच्या हातात आलेला मजकूर, लेखकाच्या परवानगीने, थोडासा सांगते.

“मी दोर घ्यायला त्या दुकानात जातो. दोर वावाने मोजतात, म्हणजे दोन्ही हात पसरून. तो हात पसरतो तेव्हा मी समोर उभा असतो. लोकांना वाटतं, तो दोर मोजतोय. दुकानात गिऱ्हाईक असलं की तो मला ‘बोला शेठ’ म्हणतो. गिऱ्हाईक गेलं की काहीच म्हणत नाही. ते काहीच न म्हणणं ऐकायला मी एवढ्या लांब जातो.”

नोटिशीसारखं वाचणाऱ्या वामनरावांचा आवाज इथे अडकला. त्यांनी चष्मा पुसला, पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं अगदी हळू वाचलं. घरच्यांपासून हे कसं लपवलं, दोन पुरुषांच्या या सोबतीला नाव कसं नव्हतं, आणि दोघांचेही केस दोन गावांत वेगवेगळे कसे पांढरे झाले.

वर्ग संपला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. नियमच होता. पण न विचारताही सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे वामनरावांचंच. आवाज उगाच अडकतो का? संध्याकाळपर्यंत ही बातमी नेरूळला त्यांच्या सोसायटीचा जिना चढून वर गेली.

पुढचं संभाषण मला वैशालीकाकूंनी स्वतः सांगितलं आहे, आणि आज सांगायची मुभाही दिली आहे. काकूंनी विचारलं, “अहो, नोकरीत असताना कामाच्या नावाखाली तुम्ही उरणला सारखे का जात होतात?”

वामनराव म्हणाले, “वर्गाचा नियम आहे. लेखकाचं नाव विचारायचं नाही.”

“मी लेखकाचं विचारतच नाहीये. नवऱ्याचं विचारतेय. आणि गॅलरीतला कपडे वाळत घालायचा दोर कुठून आणला होता तुम्ही?”

वामनरावांनी एका वाक्यात सुटका करून घ्यायला काय हरकत होती? ‘माझं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. त्या आठवड्यात त्यांना बाजारात लोक हसले. जिन्यात एकाने “काय वामनराव, दोर पाहिजे का?” असंही विचारलं. तरी ते गप्प. मीही गप्प. कागद कुणाचा ते मला माहीत होतं, पण तोच नियम मलाही होता. शेवटी मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, “काका, तुम्ही नाही म्हणून टाका.”

ते म्हणाले, “वर्गात आम्ही पुरुष चारच. मी नाही म्हटलं की उद्या दुसरा म्हणेल, परवा तिसरा. मग चौथ्याने काय म्हणायचं, भावना?”

वैशालीकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या त्या गृहस्थांना त्यांनी सांगितलं, “दोर आहे आमच्याकडे. तुमच्या जिभेला बांधायला देऊ का?”

पुढच्या शनिवारी बाळारामकाका आले ते बाकावर बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “त्यो कागूद माजा हाय. वामनराव, माज्या वाटचं बोलनं तुमी आठवडाभर खाल्लंत.”

वामनराव म्हणाले, “बोलण्याचं काही नाही हो. पहिले चार दिवस घरात शेपूची भाजी खाल्ली, ते तेवढं लक्षात ठेवा.”

मग काका माझ्याकडे वळले. “आनि बाय, माजा ‘हाय’ काढून टाकलास, म्हनून ही पाली या गरीब मानसावर आली.” तेव्हापासून मी कुणाच्याही ‘हाय’ला हात लावत नाही.

वर्तमानपत्रात अशा माणसांसाठी हल्ली ‘समलिंगी’ असा शब्द येतो. मी तो काकांना दाखवला. ते म्हणाले, “शबुद शालेतल्या मास्तरावानी दिसतो. पन असू दे, काय नाय त्यापेक्षा बरा.”

त्या दिवसानंतर आमच्या वर्गाची वस्ती बदलली. काही जण यायचे थांबले, हे खरं आहे. पण कानोकानी ऐकून दुसरे यायला लागले, पनवेलहून, उरणहून, कुणी पार ठाण्याहून. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं, ज्यांनी आपलं प्रेम आजवर कागदावरही उतरवलं नव्हतं. कुणी खोटं नाव सांगतात, आम्ही खरं मानतो. एक आजी भजनाला जाते असं सांगून येतात आणि आपल्या मैत्रिणीबद्दल इतकं सुरेख लिहितात की ऐकताना पंखा बंद करावासा वाटतो. अडचण एवढीच की आता घरचे त्यांना म्हणतात, नवं भजन म्हणून दाखवा. त्यामुळे लेखन झालं की शेवटची पंधरा मिनिटं आम्ही त्यांना भजन शिकवतो. त्या आज इथे आहेत. कृपा करून कुणी मागे वळून पाहू नका.

आता आजच्या निरोपाविषयी. बाळारामकाका उद्या करावे सोडून उरणला कायमचे राहायला चाललेत. दोराच्या त्या दुकानाच्या मागच्या घरात, दुकानवाल्या अब्दुल्लाकाकांकडे. खरं तर काका कुणालाही न सांगता जाऊ शकले असते. मासेमारीची जुनी जाळी विकायला गेला, परतला नाही, असं गावाने म्हटलं असतं. पण ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “पलून गेला असा कोनी बोलाया नको. या गावात जल्मलो. मना रीतसर निरोप देवा.”

त्यांचा पुतण्या प्रणय आज आलेला नाही. मात्र सकाळी त्याने काकांची ट्रंक स्वतः होडीपर्यंत नेऊन ठेवली. काका म्हणतात, त्याला घाई करू नका.

तर निरोप रीतसर द्यायचा ठरला आणि आमच्या समितीची गाडी शालीवर अडली. आपल्याकडे सत्कार सपत्नीक होतो. सत्कारमूर्तीच्या शेजारच्या खुर्चीत त्यांच्या सौभाग्यवती बसतात, त्यांनाही मान असतो. मग इथे काय करायचं? एक शाल आणायची की दोन? कुणी म्हणालं, एकच आणू, वाद नको. कुणी म्हणालं, दुसरी ‘मित्रमंडळातर्फे’ देऊ. दमयंतीबाई बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “वाचनालय आता बघते, पन जन्मभर मासली घेऊन बाजारात बसले मी. जोडी कुठली नि एकटा कुठला, मला बघून कलतं. दोन शाली आना. आनि सारख्याच आना, नायतर घरी जाऊन भांडतील.”

शाली दोन आल्या आहेत. खुर्च्याही दोन मांडल्या आहेत. पण काकांच्या शेजारची खुर्ची तुम्हाला मघापासून रिकामी दिसते आहे. कारण अब्दुल्लाकाका आले ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. मी दोनदा बोलवायला गेले. म्हणाले, “बेटा, मी उरणचा पाहुणा. त्यांचं गाव आहे, त्यांचा मान आहे. मी इथूनच बघतो.”

आमचे सत्कारमूर्ती तेव्हापासून माझं भाषण ऐकत नाहीत. ते शेवटच्या रांगेकडे बघत आहेत.

माझं बोलणं लांबलं. लेखनवर्गाला जागा देणाऱ्या वाचनालयाचे, आठवडाभर गप्प राहिलेल्या वामनरावांचे आणि त्यांच्यापेक्षा वेळेवर बोललेल्या वैशालीकाकूंचे मी मनापासून आभार मानते. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं चुकून घेतलं गेलं असेल, थट्टेत एखादा शब्द जास्त गेला असेल, तर घरची मुलगी समजून पोटात घाला. दार लावून तुम्हाला उकडवलं, त्याचीही क्षमा असावी. हाच कार्यक्रम उघड्या दाराने करण्याइतकी वर्षं आपल्या सर्वांना मिळोत.

आणि अब्दुल्लाकाका, आता तुमच्याशी. तुम्ही पाहुणे असाल, तर पाहुण्याने यजमानांचं ऐकायचं असतं. बाळारामकाकांनी तुमच्यासाठी इतकी वर्षं खाडी ओलांडली. त्या बदल्यात त्यांच्या घरात एवढा दोर साठला आहे की होडीला ट्रंकेपेक्षा त्याचंच ओझं होणार आहे. तुम्हाला आज फक्त हा हॉल ओलांडायचा आहे. दमयंतीबाई शाल हातात घेऊन उभ्या आहेत आणि त्यांना थांबायची सवय नाही.

वामनराव, पाय जरा आत घ्या. अब्दुल्लाकाका येताहेत.