दूध कुठल्या दिशेला

गावच्या बसस्टँडवर, तिकिटाच्या रांगेत माझ्या पुढं दुलमाआजी उभी होती. पोचवायला आलेली तिची शेजारीण, हांदाआजी, तिचं बोचकं चाचपून बघत होती.

"दुलमा, हे काय टोचतंय?"

"दुधाची पळी."

"अगं, उलानबातरला पळ्या मिळत नाहीत होय?"

"नऊ खळग्यांची, लाकडाची मिळेल? रोज सकाळी आभाळाला दूध शिंपडायचं, ते काय चहाच्या चमच्यानं?"

"तुझा लेक नवव्या मजल्यावर राहतो. शिंपडणार कुठून?"

"खिडकीतून. वीतभर उघडते म्हणे."

"खालच्या एखाद्याच्या टकलावर पडेल. पहिल्याच दिवशी भांडण!"

"पडू दे. तेवढंच त्याचं भलं होईल."

"परत कधी येणार?"

"लेक गंझोरिग म्हणतो, हिवाळा इथंच काढ. आई, इथं शेकोटीला शेण गोळा करावं लागत नाही, म्हणतो."

"मग काढ की. माझं काय जातंय?"

"हांदा, एक विचारू? अकरा वर्षं मी तंबूच्या दारात उभी राहून उगवतीकडं दूध शिंपडलं. पोरगा तिकडं आहे म्हणून. आता मीच तिकडं चालले."

"बरं मग?"

"मग तिथं गेल्यावर कुठल्या दिशेला शिंपडू?"

रांग दोन पावलं पुढं सरकली. हांदाआजीनं बोचक्याची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

"मावळतीकडं शिंपड. मी आहे ना इथं."