कमरेखाली सुन्न

दामिनी : पेज पातळ झाली, म्हणे! परवा घट्ट होती म्हणून वाटी परत आली, आज पातळ म्हणून.

रिंकू : हळू बोल वहिनी. मधात पडदा आहे, भिंत नाही.

(पडद्यापलीकडे नंदाबाईची खाट. अलीकडे चुलीपाशी सून दामिनी आणि देवरीच्या सासरहून आलेली लेक रिंकू.)

दामिनी : तुमच्या हातची म्हणूनच सांगतलं न, ताई?

रिंकू : हो व. तुह्या हातची म्हटलं असतं तं वाटी अंगणात गेली असती.

नंदाबाई : काय कुजबुज लावली? रिंकू! माहं चालाचं वाकर आण. फेऱ्या राहिल्या.

रिंकू : आली माय. सकाळी तीस झाल्या न तुह्या?

नंदाबाई : आजपासून साठ. चाल, छपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॉक्टर काय म्हणे परवा? आजी, या वयात खुब्याचं हाड मोडलं का माणूस खाटेलेच चिकटते, तुम्ही तं अडीच महिन्यात चालाले लागल्या. त्याले वाटते, त्यानं खुब्यात बसवलेल्या लोखंडी गोळ्यानं उठली. गोळ्यानं कोणी उठते काय? मी रागानं उठली.

रिंकू : एवढा राग बरा नाही माय. बीपी वाढते.

नंदाबाई : वाढू दे. तेच औषध आहे माहं. धर हात. असा नाही, कोपराखालून. अडीच महिने झाले, तुले हेही नाही आलं.

रिंकू : माय, एक सांगू? पोरीची दहावी महिन्यावर आली. तुहा जवाई धर्मेंद्र दोन्ही टाइम आलूभात रांधून राहिला. उद्याच्या बसनं जाऊ काय मी? वहिनी आहे न.

नंदाबाई : वहिनी? तिच्या हातचं पाणी नाही पेत मी. तेल तू लावते, आंग तू धुते, संडासची खुर्ची तू उचलते. तू गेली तं कोण करन?

रिंकू : वहिनीच करन. पहिल्या दिसापासून म्हणून राहिली ते.

नंदाबाई : जिनं माहं मरण मांगतलं, तिच्या हातानं आंग धुवून घेऊ? सहा झाल्या. मोजत जा, तूच तं शिकली-सवरली आहे.

रिंकू : सोड न आता ते.

नंदाबाई : कायले सोडू? ऑपरेशनच्या दिशी मणक्यात सुई टोचली. कमरेखाली सारं सुन्न. वार्डात आणून टाकली तवा डोळे मिटून पडली होती मी. तुम्हाले वाटलं, म्हातारी बेशुद्ध आहे. अव, सुई कमरेखालची होती, कानाची नाही. उशाशी दोघी उभ्या होत्या. एक तू, एक ते. त्यातली एक बोलली आन् मी ऐकलं.

रिंकू : गावभर सांगून झालं तुहं. नळावर बाया वहिनीसंगं बोलत नाहीत.

नंदाबाई : शेजारच्या गीताबाईले एकदाच सांगतलं. बाकी तिनं सांगतलं.

दामिनी : आत्याबाई, शेकाले गरम पाणी आणलं.

नंदाबाई : ठेव तिथं. आन् तुही बॅग भर. दुर्गेशले फोन केला मी. म्हटलं, बहिणीले घेऊन जा. सालेकसावरून निघाला तो, येतच असन.

रिंकू : माय!

नंदाबाई : तुले कायचा चटका लागला? दामिनी, काही म्हणाचं आहे काय?

दामिनी : नाही.

नंदाबाई : 'मी नाही बोलली', असंही नाही म्हणत?

दामिनी : इतके दिवस नाही म्हटलं, आता भाऊ घ्याले निघाल्यावर कायले म्हणू? ज्याचं त्यानं बोलावं. साड्या भरतो मी.

रिंकू : दादाले विचारलं काय तू?

नंदाबाई : गजेंद्र धानाच्या बांधीत आहे. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं, त्याची रोवणी चालू आहे. संध्याकाळी येईल तवा बायको नसन, एवढंच. थांबू नको, चाल. अकरा.

रिंकू : एवढं पाप नको करू. दवाखान्यात रोज डब्बा तिनं आणला, दोन बस बदलून.

नंदाबाई : मीही खाल्लाच न, तोंड मिटून? आजची पेजही तिचीच होती.

रिंकू : तुले... माहीत आहे?

नंदाबाई : तुह्या हाताले अशी चव कवा होती व? जीभ कमरेखाली नसते, बाई. बारा.

रिंकू : जिच्या हातची पेज पेते, तिलेच काढून देते?

नंदाबाई : कोणाले तरी काढाच लागन. बोलणं तं झालं. दोनच बाया होत्या तिथं. ते नाही, तं कोण?

रिंकू : पाय दुखत असन तुहा. बस थोडी.

नंदाबाई : पाय नाही दुखत. तूच काऊन थांबली?

रिंकू : थकली मी, माय. शुगर उतरेपर्यंत तुहं ऑपरेशन होये नाही. आठ रात्री फरशीवर काढल्या. इकडे तू कण्हे, तिकडे फोनवर पोरगी रडे. माणसाच्या डोक्यात काय-काय येते, तुले काय सांगू...

नंदाबाई : सांग न. मी कुठं तोंड धरलं तुहं?

रिंकू : तू मले अडीच महिने कायले ठेवून घेतलं, खरं सांग.

नंदाबाई : जिच्या तोंडून ते निघालं, तिच्याच हाताले धरून उठाचं होतं मले. रोज. एकेक फेरी.

(रिंकू वाकर पुढे सरकवते.)

नंदाबाई : तेरा.

दामिनी : आत्याबाई, दुर्गेश आला. गाडी फाटकापाशी उभी आहे. पाया पडतो मी.

नंदाबाई : पड. आन् भावाले पाणी दे आधी. रिंकू, तुही उद्याची बस किती वाजता आहे?

रिंकू : सातले.

नंदाबाई : जा मंग. तोंड मिटूनच जा, आजवर ठेवलं तसं. पोरीच्या पेपराले माहा आशीर्वाद सांग.

दामिनी : ताई, चुलीवर भात आहे. लक्ष ठेवा. निघतो मी.

रिंकू : वहिनी, बॅग खाली ठेव.

दामिनी : राहू द्या ताई. झालं ते झालं.

रिंकू : ठेव म्हटलं न! माय, ते मी बोलली होती. 'माय उठलीच नाही तं बरं होईल, ते बी सुटन आन् मी बी.' वहिनीनं तं माह्या तोंडावर हात ठेवला होता.