आभाळ गडगडल्यावर दोरा

...अहो, पण सोमवारी आभाळ गडगडलं होतं की नाही? तुम्हीच सांगा! बोटांत दोरा गुंफून तारे काढायचे, हा आम्हा अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींचा खेळ हिवाळ्यातलाच. जाळं विणणाऱ्या आठपायी कोळ्यानं दिलेला, म्हणून तो झोपलेला असेल तोवरच खेळायचा. वसंतातला पहिला गडगडाट झाला की कोळी जागा, दोरा पेटीत, पेटी कपाटात, विषय संपला! अकरा वर्षं तिसरीच्या पोरांना हेच शिकवतोय मी. आणि वेळापत्रकात कुणा शहाण्यानं लिहिलंय, 'वारसा तास : दोऱ्याचा खेळ, एप्रिल'. एप्रिल!

त्यात त्याच आठवड्यात राजधानीहून तपासणी. बाई येणार, तास बघणार आणि ठरवणार, वारशाचा तास ठेवायचा की त्या जागी गणित घालायचं. आमच्या मुख्याध्यापिका मिसेस बिट्सुई, स्वतः नवाहो बरं का, मला कोपऱ्यात घेऊन म्हणतात, "हॅरिसन, दहाच मिनिटं कर." म्हटलं, मॅडम, आभाळ गडगडलंय. तर म्हणाल्या, "तासच गेला तर पुढच्या हिवाळ्यात कुठे शिकवणार आहेस?"

बुधवारी बाई आल्या, मागच्या बाकावर बसल्या, वही उघडली, करा सुरू म्हणाल्या. आभाळ तर गडगडलेलं, इकडे तास हातचा चाललेला... आणि मी पेटी उघडली हो! लाज वाटते सांगायला. दोरा बोटांत घातला नि म्हटलं, घ्या रे एकेक.

एक हात पुढे येईल तर शपथ! तेवीस पोरं, सगळ्यांचे हात काखेत. डेलरीन उठली. कुळानं मी तिचा मामा लागतो. अगदी शांतपणे म्हणाली, "मामा, आभाळ गडगडलंय. आता शिवायचा नाही, तूच सांगितलंस ना? ठेव तो."

बाईंनी विचारलं, हे काय? पोरीनं कोळ्यापासून गडगडाटापर्यंत सगळं सांगितलं, बाई भराभर लिहीत राहिल्या, आणि मी दोरा घेऊन उभा, मेल्याहून मेल्यासारखा.

परवा अहवाल आला. तास राहिला! मुलांना वारशाची उत्तम जाण आहे म्हणे. आणि खाली एक ओळ, 'शिक्षकांना मात्र प्रशिक्षणाची गरज आहे.' मिसेस बिट्सुई विचारतात, तेवढी ओळ काढायला सांगू का?

काय काढता... बाईंनी खोटं कुठे लिहिलंय?