मधोमध ठेवलेलं मशीन

...पण मधोमधच का हो? एवढी लांबलचक फळी, दोन टोकांना दोन भक्कम ब्रॅकेट, आणि ताईचं लोखंडी शिलाई मशीन आईनं चढवलं कुठे, तर बरोब्बर मधोमध! खाली कोण झोपतं? मी! तुम्हाला सांगते, ताई परगावी नोकरीला गेली, तिचं टेबल मला अभ्यासाला मिळालं, मशीन फळीवर गेलं, आणि हळूहळू फळीला पोट सुटलं!

बाबा इमारतींचे आराखडे काढतात. त्यांनी माझी पट्टी दोन पुस्तकांवर आडवी टेकवली नि मध्ये बोट दाबलं. "बघ, वाकली? आता टोकाशी दाबतो. वाकली का? टोकाशी आधारच भार झेलतो. मध्ये ठेवलंत की सगळी फळी कण्हते. अगं, तेच वजन फळीभर पसरलं असतं तर ताण निम्मा झाला असता!"

आई म्हणाली, "मग तुकडे करून पसरू का? दारातून आल्या आल्या दिसायला हवं तिला. कडेला सारल्यासारखं वाटायला नको!"

एवढा इमारतींचा माणूस, गुपचूप पट्टी माझ्या दप्तरात ठेवून मोकळा!

मी काय बोलणार? वर्गात माझी हजेरीसुद्धा बाईंना ऐकू जात नाही. मनात मात्र रोज... मधोमधच का हो? पण खरं सांगू? मलाही ते हलवायचं नव्हतं. माझ्या गणवेशाची बाही उसवली की ताई मशीनवरचं झाकण काढता काढता म्हणायची, "काय गं उंदरा, पुन्हा झाडावर?" आत्ताही उसवलीये. कुणाला हात लावू दिला नाही मी!

आणि काल ताईचा फोन. "आई, ते मशीन देऊन टाक गं कुणाला तरी. मला इथे नवं मिळालंय. आता इकडेच राहीन म्हणते." आई म्हणाली, "बरं झालं बाई, फळी सुटली." मग मशीन पुसायला बसली ती पुसतच बसली...

आज शेजारच्या काकू घेऊन गेल्या. वाटलं, आता फळी होईल सरळ. होते कसली! बाबा म्हणाले, "फार दिवस वाकलेलं लाकूड भार काढला तरी पुरतं सरळ होत नाही."

मी आपल्या रंगीत पेन्सिली अगदी कडेला, ब्रॅकेटजवळ, शिस्तीत मांडल्या. हात काढला, तर एकेक घरंगळत निघाली... कुठे? अहो, मधोमध! म्हटलं, राहा बायांनो तिथेच. नाहीतरी जागा रिकामीच आहे!