कोठार, साठा आणि पेटी

भाऊ : ताई, ज्या दिवशी जगातलं सगळं ज्ञान सगळ्यांना फुकट मिळेल, त्या दिवशी माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र होईल.

ताई : होईल तेव्हा होईल. यांचा आवाज परत येतोय का, ते सांग.

भाऊ : नाही येत.

ताई : सकाळपासून माझा मोबाईल घेऊन बसलायस, म्हणून विचारलं.

भाऊ : तू पेटी रिकामी केलीस ना, भाऊजींचा आवाज त्यातच होता.

ताई : तुमच्या त्या फुकट ॲपच्या मदतपुस्तिकेत दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय, आवाज कोठारात जपून ठेवले जातात. पाचव्यात लिहिलंय, जागा कमी पडली तर पेटी रिकामी करा. चष्मा लावून, पेन्सिलीने खुणा करत वाचलंय मी.

भाऊ : कोठार म्हणजेच पेटी. चौथ्या प्रकरणात साठा आहे, तोही तोच.

ताई : एका जागेला तीन नावं?

भाऊ : लिहिणारे तिघं होतो. आठ महिने चर्चा झाली. शेवटी ठरलं, ज्याचं प्रकरण त्याचा शब्द. सगळे फुकट राबणारे, पगार तर नाहीच, निदान शब्द तरी राहू दे म्हटलं.

ताई : छापण्याआधी कोणाला वाचायला दिलं होतंत?

भाऊ : तसा ठराव आहे. पण त्या माणसाला वाचक म्हणायचं की वापरकर्ता, यावर अडलंय.

ताई : आणि पाचवं प्रकरण कोणाचं?

भाऊ : माझं.

(भाऊ मोबाईल ताईपुढे ठेवतो.)

भाऊ : मी सकाळीच गटावर कळवलं. पेटी हा शब्द मागे घेतो म्हटलं. कोठारवाल्यांनी शोक व्यक्त केला. पण रिकामी झाली ती पेटी, त्यात कोठाराचा दोष नाही, असंही म्हणाले.

ताई : आणि साठावाले?

भाऊ : त्यांनी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलंय. शोकाला की कोठाराला, ते कळत नाही.

ताई : दोन मिनिटांचा तर होता रे. आपला जुना गिझर कसा लावायचा, एवढंच सांगितलं होतं यांनी. आधी बटण की आधी नळ, कोण जाणे, मग दहा आकडे मोज. मध्येच खोकले होते.

भाऊ : भाऊजी गेल्यापासून तीन वर्षं रोज ऐकत होतीस. पाठ झालं असेल की.

ताई : होऊच दिलं नाही. पाठ झालं असतं तर रोज कशाला लावलं असतं?

भाऊ : ताई, मी पुस्तिका सोडतो. आजच कळवतो त्यांना.

ताई : नको. ते परत आठ महिने चर्चा करतील. तू एक कर. तीन दिवस गार पाण्याने अंघोळ करतेय. गिझर लावून दे, आणि कसा लावलास ते एका कागदावर लिहून ठेव. बटणाला शेवटपर्यंत बटणच म्हण.